टोरांटोहून आलेली पुस्तके

लेखमाला : परक्या मातीत, आपल्या भाषेत – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण मिलान कुंदेरा यांच्याविषयी वाचले. १९७५मध्ये ते फ्रान्सला गेले आणि पुढे चेक भाषा बाजूला ठेवून फ्रेंचमध्येच कादंबऱ्या लिहू लागले. आजचे लेखक त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी थोरले. योसेफ श्क्वोरेत्स्की यांनी कॅनडात जवळपास त्रेचाळीस वर्षे काढली, टोरांटो विद्यापीठात इंग्रजीतून अमेरिकन साहित्य शिकवले, पण कादंबरी लिहायला बसले की ते चेकमध्येच बसत. परदेशात राहून मायभाषेत लिहिता येते, त्यात विशेष काही नाही. लिहिलेले वाचणार कोण, हा प्रश्न मात्र जीवघेणा असतो. श्क्वोरेत्स्की आणि त्यांच्या पत्नी झ्देना सालिवारोव्हा यांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते मला त्यांच्या कोणत्याही एका कादंबरीपेक्षा मोठे वाटते.

श्क्वोरेत्स्कींचा जन्म १९२४चा, चेकोस्लोव्हाकियातल्या, पोलंडच्या सरहद्दीजवळच्या नाखोद या गावातला. वडील बँकेत कारकून. हा मुलगा अमेरिकन जॅझ संगीताने वेडावलेला आणि सॅक्सोफोन हे त्याचे दैवत. नाझींनी देश व्यापला तेव्हा त्याला मेसरश्मिट विमानांच्या कारखान्यात सक्तीने कामाला जुंपले गेले. जॅझ नाझींच्या डोळ्यांत सलत होते. १९४८नंतर सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांनाही ते भांडवलशाहीची घाण वाटले. राज्य बदलले तरी आपले आवडते सूर संशयितच राहतात, हे त्याने विशी-पंचविशीतच पाहिले.

युद्ध संपले त्या मे १९४५मधल्या आठ दिवसांवर त्यांनी चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी ‘भित्रे’ ही कादंबरी लिहिली. ती प्रसिद्ध व्हायला १९५८ उजाडले. तिचा नायक दान्नी स्मिर्झित्स्की हा लेखकाचाच सावलीभाऊ. गावात जर्मन माघार घेत आहेत, रशियन येत आहेत, प्रतिष्ठित मंडळी क्रांतीचा देखावा उभा करत आहेत, आणि दान्नीच्या डोक्यात मुली आणि सॅक्सोफोन. सरकारी इतिहासात या दिवसांना जी पवित्र झळाळी होती, ती इथे कुठेच नव्हती. टीकाकार तुटून पडले. पुस्तक बाजारातून काढून घेतले गेले आणि ‘जागतिक साहित्य’ या नियतकालिकातली श्क्वोरेत्स्कींची नोकरी गेली.

राग केवळ कथानकाचा नव्हता, भाषेचाही होता, आणि इथे जरा थांबायला हवे. चेकमध्ये लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा यांत मोठी दरी आहे. जर्मनच्या दडपणाखाली ग्रंथभाषा म्हणून क्षीण झालेली चेक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विद्वानांनी पुन्हा उभी केली. योसेफ दोब्रोव्स्की यांचे व्याकरण १८०९चे. नमुना म्हणून त्यांनी घेतली ती आसपास बोलली जाणारी चेक नव्हे, तर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची, सोळाव्या शतकातल्या ग्रंथांतली. त्यामुळे पुस्तकात खिडकी ‘ओक्नो’ असते, पण प्रागच्या घरात ती ‘व्होक्नो’ होते. पुस्तकातले ‘दोब्री’, म्हणजे चांगला, बोलताना ‘दोब्रेय’ होते. हा केवळ खेडवळ उच्चार नाही. प्राध्यापकही स्वयंपाकघरात असेच बोलतात. शुद्ध-अशुद्धाचे वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यातली धग वेगळी समजावून सांगायला नको. दान्नी आणि त्याचे मित्र कागदावर या बोलीत बोलू लागले, तेव्हा अनेकांना तो भाषेचा अपमान वाटला. तरुणांना मात्र ते आपल्याच घरातले बोलणे वाटले.

असा लेखक देश सोडतो तेव्हा काय होते? ग्रंथभाषा पुस्तकांच्या पेटीतून सोबत नेता येते, पण बोलीला शेजारी लागतो, दुकानदार लागतो, ट्रॅममधली कुजबुज लागते.

ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्याच्या निषेधार्थ जानेवारी १९६९मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने भरचौकात स्वतःला पेटवून घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस श्क्वोरेत्स्की दांपत्याने देश सोडला.

१९७१मध्ये टोरांटोत त्यांनी प्रकाशनसंस्था काढली आणि तिचे नावच ठेवले ‘सिक्स्टी-एट पब्लिशर्स’. वर्षाचा आकडा हाच पत्ता. पहिले पुस्तक होते श्क्वोरेत्स्कींची ‘रणगाडा पलटण’. सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीवरची ही कादंबरी १९५४पासून लिहून पडलेली होती. मायदेशी ती पुस्तकरूपात कधी आली नव्हती. योसेफ दिवसा विद्यापीठात. संस्थेचा गाडा ओढला तो झ्देनाबाईंनी. अक्षरजुळणी स्वतः करायची, गठ्ठे बांधायचे, जगभर विखुरलेल्या वर्गणीदारांना पत्रे लिहायची. चेक अक्षरांवर बारीक खुणा असतात, कुठे आकडी, कुठे तिरकी रेघ. त्या गळल्या की शब्द बदलतो, जसा आपल्याकडे एखादी वेलांटी किंवा अनुस्वार गळला की बदलतो. इंग्रजी शहरात बसून त्या खुणा पानामागून पान जपायच्या, हे काम डोळे आणि पाठ दोन्ही खाते.

झ्देनाबाई स्वतः कादंबरीकार होत्या, हे विसरले जाते आणि त्याची मला चीड येते. त्यांचे वडील १९४९मध्ये देशाबाहेर गेले होते आणि त्याची किंमत मागे राहिलेल्या घराने मोजली. अशा कुटुंबातल्या मुलीवरची त्यांची ‘होन्झ्लोव्हा’ ही कादंबरी १९७२मध्ये आली. तिच्यातली नजर इतकी स्वच्छ आहे की या बाईंनी पुढची वीस वर्षे फक्त लिहायला हवे होते. त्यांनी ती इतरांची पुस्तके छापण्यात घालवली.

आणि कोणाची पुस्तके! देशात छापायला बंदी असलेले वात्स्लाव्ह हावेल, लुद्विक वात्सुलिक. ज्यांना पुढे नोबेल मिळाले त्या यारोस्लाव्ह साइफर्ट यांच्या आठवणी. आणि स्वतः कुंदेरा. ‘असह्य हलकेपणा’ या नावाने आपण ज्या कादंबरीविषयी गेल्या वेळी बोललो, तिची पहिली चेक आवृत्ती १९८५ची, टोरांटोची. सुमारे सव्वादोनशे पुस्तके या संस्थेने काढली. त्यांतली कित्येक सरहद्द ओलांडून आत गेली, प्रवाशांच्या सामानातून, गाड्यांच्या चोरकप्प्यांतून. आत ती हातोहात फिरत, टंकलेखन यंत्रावर पुन्हा उतरवली जात. १९८१मध्ये अशा बंदी असलेल्या साहित्याने भरलेली एक फ्रेंच गाडी सरहद्दीवर पकडली गेली आणि प्रागमध्ये धरपकड झाली. पुस्तक हाती असणे हा किती मोठा धोका होता, ते यावरून कळावे. श्क्वोरेत्स्की स्वतः ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून नव्या पुस्तकांची ओळख करून देत, म्हणजे ज्यांच्यापर्यंत कागद पोहोचत नसे त्यांच्यापर्यंत निदान आवाज जाई. १९७८मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले.

हरवलेल्या शेजाऱ्याची जागा अशी भरली गेली. येणारी हस्तलिखिते आणि नव्याने देश सोडून आलेल्यांची पत्रे यांतून जिवंत चेक या दोघांच्या घरात येत राहिली. १९७७ची ‘मानवी आत्म्याच्या अभियंत्याची गोष्ट’ ही दोन भागांतली कादंबरी मला याचेच फळ वाटते. दान्नी आता टोरांटोत प्राध्यापक आहे. प्रकरणांना पो, हॉथॉर्न, ट्वेन अशा लेखकांची नावे आहेत, कारण तो वर्गात त्यांनाच शिकवतो. शिकवता शिकवता मन कारखान्यातल्या नाद्या या गरीब मुलीकडे जाते, मध्येच जगाच्या कानाकोपऱ्यातून मित्रांची पत्रे येतात. स्थलांतरितांची इंग्रजीमिश्रित चेक त्यांनी तिच्यात जशीच्या तशी उतरवली. परमुलखात बोली मोडते, नवे शब्द गिळते आणि तशीच जगत राहते. त्या मोडण्यालाही साहित्यात जागा आहे, असे मानणारा हा लेखक होता. पॉल विल्सन यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९८४मध्ये कादंबरीला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला.

१९८९मध्ये राजवट कोसळली. ज्यांचे लेखन टोरांटोहून छापले जात होते, ते हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९९०मध्ये त्यांनी दोघांना ‘श्वेत सिंह’ हा सन्मान दिला. आता पुस्तके प्रागमध्येच छापता येत होती, संस्थेचे काम सरत आले होते. दोघे टोरांटोतच राहिले. श्क्वोरेत्स्कींचे निधनही तिथेच, ३ जानेवारी २०१२ रोजी झाले.

पण १९९२मध्ये जे घडले ते सांगायलाच हवे. जुन्या गुप्त पोलिसांच्या कथित हस्तकांची एक अनधिकृत यादी प्रागमध्ये छापली गेली. तिच्यात सालिवारोव्हांचे नाव होते. ज्या बाईंनी उमेदीची वीस वर्षे त्या पोलिसांना नको असलेले शब्द जुळवण्यात घातली, त्यांच्यावर हा शिक्का! त्या न्यायालयात गेल्या आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. मधल्या काळात, यादीत नावे आलेल्या इतर लोकांनी लिहिलेली पत्रे त्यांनी गोळा केली आणि १९९३मध्ये त्यांचे पुस्तक केले. ते छापले ‘सिक्स्टी-एट पब्लिशर्स’नेच. संस्थेच्या अखेरच्या पुस्तकांपैकी ते एक.