शरदातील फुलांसाठी रात्रीचा अंधार

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण मालवण किनाऱ्यावर ऑक्टोबरात पटते. पाऊस मागे फिरतो, जांभ्याची जमीन तापते आणि हंगामी रोपे वाळू लागतात. मग दिवाळीला अंगण ओके दिसू नये म्हणून फुललेल्या कुंड्या विकत आणल्या जातात. फुले सरताच ती रोपे टाकून दिली जातात. जिवंत रोपाची अशी उपेक्षा आपल्या घरी होऊ नये. त्याऐवजी वर्षानुवर्षे टिकणारी, उशिरा फुलणारी झाडे लावावीत.

न्हाणीच्या सांडपाण्याजवळील ओलसर जागी सोनटक्का लावावा. त्याची शुभ्र, सुगंधी फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून शरदापर्यंत येतात. गडग्याकडेला कोरांटी शोभते. ती काटक असून फांदीपासूनही रुजते. अबोलीला अर्धसावली मानवते. तिच्या सुकलेल्या शेंगा पाणी लागताच तडकतात व बी आपोआप पसरते.

शेवंतीची निगा मात्र निराळी. मुसळधार पावसात तिची मुळे कुजतात, म्हणून निचरा होणारी कुंडी पडवीच्या आडोशाला, पण भरपूर उजेडात ठेवावी. जून-जुलैत कोवळे शेंडे खुडल्यास फुटवे वाढतात. खुडलेले शेंडे ओलसर मातीत खोचावेत. त्यांचीही रोपे होतात. बहर संपल्यावर दांडे छाटले की बुंध्याशी नवे फुटवे येतात.

एवढे करूनही कित्येक घरांत शेवंतीला कळ्या धरत नाहीत. दोष खताला दिला जातो. कारण बहुधा पडवीतल्या दिव्यात असते. काही वनस्पती रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात. गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध मांडला. २२-२३ सप्टेंबरनंतर आपल्याकडे रात्री दिवसापेक्षा मोठ्या होऊ लागतात आणि शेवंती कळ्यांच्या तयारीला लागते. त्या काळात मध्यरात्रीचा थोडा उजेडही तिचा अंदाज चुकवतो.

दुकानाच्या पाटीवरचा दिवा व्यवसायाला हवा असतो, हे खरे. तेव्हा शेवंतीची कुंडी सप्टेंबरपासून परसदारी हलवावी, आणि पडवीतला दिवा निजताना मालवावा. त्याने शेवंती फुलेल, विजेची बचत होईल आणि दिव्यावर झेपावून मरणारे कितीतरी जीवही वाचतील.