सोरायसिस : कातडीचा रोग, देहाचा भार

कोपरांवर, गुडघ्यांवर, केसांखाली चंदेरी खवल्यांचे लालसर चट्टे उठले, की शेजारी बसणारा अंग चोरून घेतो. रोगी स्थूल असेल, तर ‘जरा खाण्यावर ताबा ठेवा’ हा उपदेशही त्याच्या वाट्यास येतो. अंग चोरणे हे निव्वळ अज्ञान होय. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. उपदेशात मात्र सत्याचा अंश आहे. तो नीट समजून घेतला नाही, तर औषधाचा उपहास होतो आणि उपहासालाच औषध मानले जाते.

सोरायसिस दिसतो कातडीवर. परंतु त्याचे मूळ रोगप्रतिकारक यंत्रणेच्या बिघाडात आहे. त्वचेच्या ज्या पेशींना पक्व होऊन गळून पडण्यास एरवी महिनाभर लागतो, त्या अवघ्या काही दिवसांत वर येऊन साचतात. शरीरातील मेद हीदेखील केवळ निरुपद्रवी साठवण नव्हे. मेदपेशींतून दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि रोगाच्या आगीत तेल पडते. सांधे दुखू लागले, लोकलज्जेने बाहेर पडणे थांबले, की वजन आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र आहे.

उपचारांनाही त्याची झळ लागते. आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट यकृतास अपाय करू शकते. यकृतात आधीच मेद साचला असल्यास हा धोका वाढतो. ठराविक मात्रेची महागडी जैविक औषधे जड देहास अपुरी पडू शकतात. म्हणूनच उस्टेकिनुमॅबची मात्रा १०० किलो वजनापर्यंत ४५ मिलिग्रॅम, तर त्यापुढे ९० मिलिग्रॅम ठेवली आहे. झटपट आरामासाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या वजन वाढवितात आणि त्या बंद होताच रोग पुन्हा उसळू शकतो.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. इटलीत ६१ स्थूल रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना सायक्लोस्पोरिन अल्प मात्रेत दिले गेले; निम्म्यांना त्यासोबत कमी उष्मांकाचा आहारही होता. २४ आठवड्यांत आहार पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ७ टक्के उतरले. त्यांच्यातील दोन-तृतीयांश रुग्णांचा रोग तीन-चतुर्थांशाने वा अधिक ओसरला; केवळ औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्केच होते.

याचा अर्थ ‘आधी वजन उतरवा, मग औषध देऊ’ असा मुळीच नाही. या प्रयोगातील रुग्णांना औषध व आहार एकाच वेळी मिळाला, हेच त्याचे मर्म आहे. वजन उतरल्याने रोग समूळ जात नाही आणि सडपातळ माणसांनाही तो होतो. तेव्हा दोष देण्यास येथे जागाच उरत नाही. त्वचारोगतज्ज्ञाने रुग्णाचे वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब व साखर पाहावी, आहारतज्ज्ञास सोबत घ्यावे आणि घरातील ताट सर्वांसाठीच बदलावे. तपासणीच्या खोलीत वजनकाटा अवश्य असावा. मात्र त्यावर उभ्या राहणाऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असल्यासारखे वाटता कामा नये.