पोर शिकायला गेल्यावर

हिरकणीवाडीतून रायगडाचा रोपवे वर जातो. मुलं मात्र बारावीनंतर खाली उतरतात. कुणी महाडला, कुणी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात, कुणी थेट पुण्या-मुंबईला. तान्ह्यासाठी कडा उतरलेल्या हिरकणीची आख्यायिका सांगणाऱ्या गावात आईबापांनीच मागं राहायचं, हे जरा उलटंच! भाताचा अंदाज चुकतो, संध्याकाळ सरत नाही, नवरा-बायकोला बोलायला विषय शोधावा लागतो. हे रितेपण म्हणजे आजार नव्हे. फोनची वेळ मुलांशी ठरवून घ्यावी. तासातासाला ‘जेवलास का?’ विचारून काळजी वाढतेच. झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर २४ तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.