तीन काटकोन असलेला त्रिकोण! शाळेत 'अशक्य' म्हणून शिकवलेली गोष्ट पृथ्वीवर कशी शक्य होते?

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. सातवी-आठवीचं बाकी सगळं विसरलेल्या माणसालाही एवढं आठवत असतं. आता मनातल्या मनात एक प्रवास करून बघा.

उत्तर ध्रुवावर उभे राहा आणि सरळ दक्षिणेकडे चालायला लागा. विषुववृत्त लागलं की डावीकडे काटकोनात वळा आणि विषुववृत्तावरूनच पृथ्वीची पाव फेरी मारा. मग पुन्हा डावीकडे काटकोनात वळा आणि नाकासमोर चालत राहा. तुम्ही परत ध्रुवावर पोचाल. निघतानाची वाट आणि परतीची वाट यांच्यातला कोनही ९० अंशांचाच असेल. म्हणजे तीन काटकोन, बेरीज २७० अंश!

यात फसवाफसवी आहे असं कुणालाही वाटेल. पृथ्वी गोल, मग या रेषा सरळ कुठून? पण गोलावर 'सरळ' म्हणजे काय, हाच तर प्रश्न आहे. उत्तर शोधायला घरातला पृथ्वीगोल आणि एक दोरा पुरे. दोन गावांवर दोऱ्याची टोकं धरून तो घट्ट ताणा. दोरा जिथून जाईल तो सर्वांत जवळचा रस्ता, आणि गोलावरची सरळ रेषा तीच. ही रेषा पुढे वाढवली तर पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे भाग करणारं वर्तुळ मिळतं. भूगोलात त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे, बाकीची अक्षवृत्तं मात्र नाहीत.

हा फरक किती मोठा आहे ते मुंबई आणि मेक्सिको सिटी या जोडीवरून कळतं. दोन्ही शहरं साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. भिंतीवरच्या नकाशात वाटतं, पश्चिमेला सरळ आडवी रेष मारली की झालं. त्या रेषेनं अंतर भरतं सुमारे १८,००० किलोमीटर. दोरा ताणला तर तो उत्तरेला जवळपास ७९ अंशांपर्यंत चढतो, ग्रीनलंडजवळच्या बर्फाळ समुद्रावरून जातो आणि काम सुमारे १५,६०० किलोमीटरमध्ये होतं. लांब पल्ल्याच्या विमानांचे मार्ग स्क्रीनवर धनुष्यासारखे वाकलेले दिसतात, त्याचं मुख्य कारण हेच. वाकडा असतो तो नकाशा.

समांतर रेषांचंही तसंच. विषुववृत्तावर एकमेकांपासून दूर उभी असलेली दोन माणसं सरळ उत्तरेकडे निघाली, तर सुरुवातीला त्यांच्या वाटा समांतर असतात. कुणीही जराही न वळता दोघं ध्रुवावर एकमेकांना धडकतात.

वाकलेला प्रत्येक पृष्ठभाग असे गोंधळ घालतो असं मात्र नाही. कागदावर त्रिकोण काढून त्याची सुरळी केली तरी कोन तेवढेच राहतात, कारण सुरळी करताना कागद कुठे ताणला किंवा चुरगळला जात नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट दाबून बघा, ती फाटणारच. हा मूलभूत भेद कार्ल फ्रीडरिख गाऊस या जर्मन गणितज्ञानं १८२७ मध्ये पक्का सिद्ध केला. त्याचा थेट परिणाम असा, की पृथ्वीचा पूर्ण बिनचूक सपाट नकाशा बनूच शकत नाही. म्हणून तर शाळेतल्या भिंतीवर ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट दिसतो, प्रत्यक्षात तो सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि भारत ३२.९ लाख. (घोड्याच्या खोगिरासारख्या पृष्ठभागावर सगळं उलटं होतं, तिथे बेरीज १८० पेक्षा कमी भरते.)

आता खरी गंमत. पृथ्वी गोल आहे, तर अंगणात काढलेल्या त्रिकोणाची बेरीज १८० कशी येते? कारण वरची 'जास्तीची' बेरीज त्रिकोणाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. त्रिकोण जेवढा मोठा, तेवढी भर जास्त. पृथ्वीवर सुमारे १९७ चौरस किलोमीटरमागे एक सेकंद, म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. अंगणात ती भर मोजण्याच्या पलीकडे सूक्ष्म असते. महाराष्ट्राएवढ्या क्षेत्रफळाच्या त्रिकोणात मात्र ती जवळजवळ अर्ध्या अंशावर जाते.

ही पुस्तकी बारकाई नव्हे हे भारताच्या महासर्वेक्षणात दिसलं. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यानं मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा साखळीनं मोजली आणि तिच्यावर त्रिकोणांमागून त्रिकोण रचत देश मोजायला घेतला. कोन मोजायचं थिओडोलाइट तब्बल अर्ध्या टनाचं होतं. समजा एका त्रिकोणाची प्रत्येक बाजू ५० किलोमीटर आहे. त्याच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा साडेपाच सेकंदांनी जास्त यायलाच हवी. नेमकी १८० आली, तर उलट मोजणीत चूक झाली! ही भर विसरून ती यंत्राची चूक समजली आणि तिन्ही कोनांतून सारखी वजा न करता एकाच कोनावर ढकलली, तर हिशेब आणखी बिघडतो. कोनात १.८ सेकंदांचा फरक पडला तरी ५० किलोमीटरवरचं टोक सुमारे ४४ सेंटिमीटर सरकतं. एका त्रिकोणात हे क्षुल्लक वाटेल, पण इथे एका त्रिकोणाची बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होती आणि साखळी हिमालयापर्यंत जायची होती.

म्हणूनच या कामाला डोंगर चढणाऱ्यांइतकीच गोलावरची त्रिकोणमिती जाणणारी माणसं लागत. लॅम्बटननंतर सूत्रं हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात, १८३१ मध्ये, कलकत्त्याचे राधानाथ सिकदार 'कॉम्प्युटर' म्हणून रुजू झाले. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारा माणूस. पुढे 'पीक १५' नावाच्या शिखराची उंची २९,००२ फूट ठरली, त्यामागच्या आकडेमोडीत त्यांचा मोठा वाटा होता. शिखराला नाव मात्र एव्हरेस्टचं मिळालं.

लॅम्बटनला हिमालय मोजायला मिळालाच नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, जानेवारी १८२३ मध्ये, वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर आजही वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला आहे.