वैलाची शिकवण

पूर्वी पुष्कळ घरांत चुलीला लागून एक वैल असे. चुलीत पेटविलेल्या लाकडांची जी आच मुख्य भांड्याखालून निसटे, ती आतल्या वाटेने वैलाखाली जाई. चुलीवर भाकऱ्या भाजल्या जात असता वैलावर आमटी मंदपणे उकळत राही किंवा दूध तापे. त्यासाठी वेगळे जळण लागत नसे. सरपणाची मोळी डोक्यावरून वाहून आणावी लागे. म्हणून त्यातील प्रत्येक काडी गृहिणीला मोलाची वाटे.

आज अनेक घरांत चुलीची जागा गॅसच्या शेगडीने घेतली आहे. त्यामुळे घरातील धूर गेला, ही मोठीच सोय झाली. परंतु मोळी वाहण्याचे कष्ट दिसेनासे झाले, तसा जळणाचा अपव्ययही दिसेनासा झाला.

उकळी फुटल्यावरही ज्योत मोठी ठेवली म्हणजे अन्न लवकर शिजते, असे कित्येकांना वाटते. हा समज बरोबर नाही. समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पुढे कितीही आच दिली तरी त्याचे तापमान वाढत नाही. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. म्हणून उकळी येताच ज्योत बारीक करावी व भांड्यावर झाकण ठेवावे. हरभरे, मटकी यांसारखी कडधान्ये रात्री भिजत घातली, तर ती सकाळी थोड्या वेळात शिजतात.

प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे अन्न लवकर शिजते. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली अशा प्रकारचे भांडे बनविले होते. कुकरमध्ये एकावर एक डबे ठेवले, म्हणजे भात, वरण आणि भाजी एकाच आचेवर तयार होतात. वैलाचेच हे नवे रूप होय.

या सवयींचा लाभ किती होतो? समजा, १४.२ किलोग्रॅम वायूचे सिलिंडर एका कुटुंबाला ३० दिवस पुरते. दक्षता घेतल्याने ते ३६ दिवस पुरले, तर वर्षाला १२ ऐवजी १० सिलिंडर लागतील. दोन सिलिंडरांचे पैसे घरात राहतील. त्यातून मुलांची वह्या-पुस्तके येतील. शिवाय २८.४ किलोग्रॅम वायू जळावयाचा राहील. एक किलोग्रॅम वायू जळला म्हणजे सुमारे तीन किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. तेव्हा हवेत जाणारा सुमारे ८५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडही टळेल.

काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. काटकसर करणाऱ्या घरातही सर्वांना पोटभर व ऊन-ऊन जेवण मिळते. वाया जाते ती फक्त आच थांबते. वैल बांधणाऱ्या गृहिणींनी ही गोष्ट कोणत्याही पुस्तकावाचून जाणली होती.