परवाना गोव्याचा, पाणी कर्नाटकाचे

मे महिना जवळ आला की आपल्या हुबळी-धारवाडच्या घरांत एकच चर्चा सुरू होते: दांडेली, कारवार, गोवा की तारकर्ली? कुठेही गेलो तरी शेवटी आपण बोटीत बसतोच. घरून निघताना गाडीचा विमा, पीयूसी, लायसन्स सगळे बघून घेणारे आपण, बोटवाल्याला मात्र फक्त भाव विचारतो.

यंदा मी या विषयात डोके घातले ते आतेभावाच्या मुलामुळे. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मोटरबोट चालवण्याचा कोर्स करायचा आणि मग कारवारला काम शोधायचे, असा त्याचा बेत. त्याने विचारले, "काका, गोव्याचं सर्टिफिकेट कर्नाटकात चालतं का?"

रस्त्यावर हा प्रश्न पडत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने लायसन्स देशभर चालते. (गाडीचा नंबर मात्र वर्षानंतर बदलावा लागतो. कोल्हापूरहून बदली होऊन आलेल्यांना 'केए २५' मिळवताना किती चपला झिजल्या ते विचारा.) पाण्यावरची गोष्ट वेगळी होती. नदी-खाडीतल्या यांत्रिक बोटींना १९१७चा, म्हणजे वाफेच्या बोटींच्या काळातला, कायदा लागू होता. अंमलबजावणी राज्यांकडे, प्रत्येकाचे नियम निराळे. बोट दुसऱ्या राज्याच्या पाण्यात न्यायची तर शेरे आणि ना हरकत दाखले गोळा करत फिरायचे. तेरेखोल नदीचा विचार करा. काही भागात एक काठ महाराष्ट्राचा, दुसरा गोव्याचा!

ऑगस्ट २०२१मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा झाला आणि हे बदलले. आता एका राज्यात झालेली बोटीची नोंदणी देशभर मान्य आहे. चालक आणि खलाशी यांच्या पात्रतेचे निकष केंद्र ठरवते, परीक्षा घेऊन दाखला राज्य देते.

पण खरी मेख पुढे आहे. कोर्स पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि सरकारी पात्रता दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनिअरिंगची पदवी हातात आहे म्हणून कोणी आपल्याला बस चालवू देत नाही, तसेच हे. पुतण्याला मी सांगितले, कोर्स जरूर कर, पण फी भरण्याआधी कारवारच्या बंदर कार्यालयात जाऊन कोणत्या कामाला कोणता दाखला लागतो ते विचारून घे.

दुसरे म्हणजे, राज्याची सीमा पुसली तरी पाण्याची सीमा राहतेच. लाटा किती उंच उठतात त्यावरून पाण्याचे झोन पाडले जातात आणि बोट कोणत्या झोनसाठी योग्य आहे हे तिच्या तपासणी दाखल्यावर असते. उणकल तलावाची बोट समुद्रात चालणार नाही, मग कागद कुठल्याही राज्याचा असो. आमच्या धंद्यातही एका मशीनवर उत्तम चालणारा प्रोग्राम दुसरीकडे मान टाकतो, तसेच.

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांनाही यातून सुटका नाही. तिथे बोटिंगचे नियम राज्यागणिक बदलतात. न्यू यॉर्कने तर १ जानेवारी २०२५पासून मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, सुरक्षा शिक्षणाचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. बहुतेक राज्ये मान्यताप्राप्त कोर्स असेल तर पाहुण्याचे कार्ड स्वीकारतात, पण तिथे जाऊन स्थायिक झालात की नियम वेगळा असू शकतो.

हे सगळे कागदी वाटत असेल तर २१ जानेवारी २०१९ आठवा. कुर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट कारवारजवळ समुद्रात उलटली. पंधराच्या वर माणसे गेली, त्यात आपल्या शेजारच्या हावेरी जिल्ह्यातल्या एकाच कुटुंबातले अनेक जण होते. बोटीत माणसे जास्त होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. तिथे चालकाचा परवाना कुठल्या राज्याचा, हे विचारून काय उपयोग झाला असता?

म्हणून आम्ही घरी एक पद्धत ठरवली आहे. बोटीत पाय ठेवण्याआधी नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या लिहिलेली दिसते का ते बघायचे, आणि आत बसलेली डोकी मोजायची. हे काम मुलांकडे दिले आहे, ती मोठ्या आवाजात मोजतात. जॅकेट मुलाच्या मापाचे मागायचे, बक्कल आपल्या हाताने लावायचे आणि खांद्याला धरून वर ओढून बघायचे. जॅकेट कानापर्यंत सरकले तर दुसरे मागायचे. बोटवाला कुरकुरतो, "साहेब, दहा मिनिटांची तर फेरी." कुरकुरू दे. दुसरे जॅकेट नसेल तर आम्ही काठावर भजी खातो.