नऊ वार, चार थर

नऊवारी लुगडं फाटतं ते बहुधा मधोमध. काठ धड असतात, पदर धड असतो. बसता-उठता ज्यावर ताण येतो तो मधला पट्टा मात्र विरत जातो. जुन्या घरांतल्या बायका हा विरलेला भाग कापून काढत आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडत. या जोडाला मराठीत ‘दंड’ म्हणतात. दंड घातलेलं लुगडं लांबीला थोडं कमी भरे, पण आणखी वर्ष-दोन वर्षं अंगाला लागे.

त्यानंतर ते जुनेर होई. जुनेराचे धडपे निघत. मऊ धडप्यांतून बाळाची दुपटी, लंगोट आणि कुंची, जरा जाड तुकड्याचं भाकरीचं फडकं, दुधाचं गाळणं, डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ. त्याखालच्या पायरीवर चूल सारवायचं पोतेरं. अगदी शेवटच्या चिंध्यांना पीळ देऊन तेलात भिजवलं की मशाल पेटे. एकाच कापडाच्या उतरत्या वयाला इतकी नावं आहेत आणि प्रत्येक नावामागे एक काम आहे.

या उतरंडीत गोधडीची जागा वेगळी आहे. बाकी सगळीकडे कापड लहान-लहान होत जातं, गोधडीत ते पुन्हा एकत्र येतं.

काही भागांत तिला वाकळ म्हणतात. दुलई किंवा रजईच्या पोटात कापूस असतो; गोधडी मात्र वरपासून खालपर्यंत कापडाचीच. वर आणि खाली त्यातल्या त्यात धड लुगडी, मध्ये फाटकी धोतरं, विटलेली पातळं, सदऱ्यांच्या पाठी, परकरांचे घेर. तिचा हिशेबही कापडाच्या मापातूनच आलेला आहे. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. लुगड्याची चार पदरी घडी घातली की सुमारे दोन मीटर लांबी मिळते, म्हणजे माणूस पाय लांब करून निजेल एवढी. पन्हा एका माणसाला पुरतो. मोठी गोधडी हवी असेल तर पन्ह्याला पन्हा जोडायचा.

शिवायला ना चौकट लागते ना यंत्र. सारवलेली जमीन किंवा ओसरीची फरशी, कोपऱ्यांवर ठेवायला वरवंटा किंवा दगड, जाड सुई आणि जाड सुती दोरा, एवढंच साहित्य. थर एकावर एक अंथरून तळव्यानं सपाट करायचे, कडा आत दुमडायच्या आणि साधा धावदोरा घालायचा. अनेक ठिकाणी शिवण काठापासून सुरू होते आणि चौकोनात चौकोन घालत मधोमध पोचते. दोन ओळींत बोटभर, म्हणजे दीड सेंटिमीटर अंतर धरलं, तर दोन मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद गोधडीवर जवळजवळ दीडशे मीटर शिवण भरते. सगळी हातानं, टाक्यामागून टाका. म्हणूनच गोधडीला शेजारणी लागत. चार बाजूंना चौघी बसल्या की दुपार सरता सरता बोलणंही सरके आणि दोराही.

हे टाके शोभेसाठी नाहीत. विरलेलं कापड एकटं ओढलं तर टर्रकन फाटतं. पाच-सहा थर जवळ-जवळच्या टाक्यांनी बांधले की ओढ सगळ्यांत वाटली जाते. थरांमध्ये हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते. नव्या कापडातली खळ शेकडो धुण्यांत निघून गेलेली असते, सूत नरम पडलेलं असतं, म्हणून गोधडी अंगाला टोचत नाही. कापडाचं जुनेपण इथे उणेपणा ठरत नाही. त्याच्याशिवाय गोधडी होतच नाही.

फाटक्याला फाटकं जोडण्याची ही रीत महाराष्ट्रापुरती नाही. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कच्छ-सिंधची रल्ली या तिच्या बहिणी. कांथाचं नातं संस्कृतमधल्या ‘कंथा’शी जोडलं जातं. उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातल्या गुलामीतून निसटून जंगलात आलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. या बायकाही काठापासून आत शिवत जातात आणि कोपऱ्यांवर तुकड्यांची ‘फुलं’ लावतात.

महाराष्ट्रात तर एका संतालाच लोकांनी गोधडीचं नाव दिलं. गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव झाडत आणि कीर्तन करत फिरत. लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, गोधडेबुवाही म्हणत.

गोधडीचा वर्षातला मोठा दिवस येतो घट बसण्यापूर्वी. दसऱ्याच्या धुण्याला घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर जातं. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून तिला पीळ देतात. मग खडकांवर, कुंपणांवर, वाळूत रंगीत चौकोन वाळत पडतात आणि कोणत्या घरात काय-काय नेसलं गेलं ते सगळ्या गावाला दिसतं.

आज ही कला अडते ती कापडापाशी. पॉलिएस्टरची साडी लवकर विरत नाही, घाम शोषत नाही आणि थरांत घसरते. मुंबईच्या बहुतेक गिरण्या १९८२च्या संपानंतर सावरल्या नाहीत आणि गिरणीचं सुती पातळ, धोतर घराघरांतून कमी होत गेलं. उरलेलं जुनं कापड बोहारणीच्या गाठोड्यात जाऊन त्याबदल्यात स्टीलचं पातेलं घरात येऊ लागलं. बोहारणींनीही कापड वाया जाऊ दिलं नाही. निवडून, धुऊन, दुरुस्त करून त्यांनी ते पुन्हा बाजारात आणलं. पण ते घरच्या गोधडीत आलं नाही.

जुन्या कापडाचा यंत्रावरचा रस्ता वेगळा आहे आणि त्याचं मोठं ठाणं मराठी माणसाला १७६१मुळे ठाऊक असलेल्या गावी आहे. परदेशातून कांडला बंदरात उतरणारे जुने लोकरी कपडे पानिपतला जातात. तिथे रंगांप्रमाणे ढीग लागतात. बायका उभ्या पात्यावर, विळीवर भाजी चिरावी तशा, गुंड्या, चेन आणि शिवणी कापून काढतात. मग यंत्राचे दाते कापड ओरबाडून त्याचे तंतू करतात, त्यांचं सूत होतं आणि सुताची कांबळी. रंग आधीच वेगळे केल्यामुळे बरंचसं सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. जुन्या लोकरीचं सूत काढण्याची ही १८१३ सालची युक्ती इंग्लंडमधल्या बॅटलीच्या बेंजामिन लॉच्या नावावर आहे. पूर, भूकंप आला की वाटली जाणारी स्वस्त कांबळी बऱ्याचदा याच जातीची असतात. ओरबाडताना तंतू मात्र तुटून आखूड होतो, म्हणून सूत टिकायला त्यात बहुधा दुसरा लांब तंतू मिसळावा लागतो.

गोधडीत तंतू तोडावा लागत नाही. कापड जसं आहे तसं घ्यायचं आणि जिथे कमजोर आहे तिथे शेजारी दुसरं ठेवायचं. दिल्लीत १९९९मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’ संस्थेनं ही समज मोठ्या प्रमाणावर वापरली. शहरांतून गोळा केलेले कपडे गावांत पोचवायचे, आणि जे अंगावर घालण्याजोगे नाहीत त्यांच्या सुजन्या आणि मासिक पाळीसाठी सुती घड्या करायच्या. महाराष्ट्रातही बचत गटांतल्या बायका मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देतात. गिऱ्हाईक आई-आजीच्या साड्यांची पिशवी आणून देतं आणि कोणती साडी वर घ्यायची ते बोटानं दाखवतं.

गोधडी स्वतः फाटली तर तिच्यावर दुसरं लुगडं घालून पुन्हा शिवतात. जुनी आत जाते आणि नवीचं पोट होते. अशी एखादी दोनदा-तीनदा शिवलेली गोधडी उसवली, तर वरच्या फुलाफुलांच्या पातळाखाली आईचं इरकली लुगडं निघतं, त्याखाली आजोबांच्या धोतराचा पिवळट पांढरा तुकडा, आणि अगदी मध्ये, ऊन कधीच न लागल्यामुळे रंग न उडालेला, लाल काठाच्या लुगड्याचा धडपा. त्यावर अजून दंडाचे टाके असतात.